तळकोंडीत नवरीआधी कोणाचा गाल चमकतो

तळकोंडीच्या वरच्या अंगाला तो टेंब, ते टेकाड, दिसतोय ना, तो दुपारी बघायचा नाही, डोळे दिपतात. अभ्रक आहे सगळा. नखाने सोललात तर कांद्यासारखे पापुद्रे निघतात. वर जाऊन आलात की केसात, सदऱ्यावर, जेवणाच्या ताटात चमकच चमक, आणि आंघोळ करूनही जात नाही. गावात लग्न असलं तर मात्र थांबाच. हळदीआधी अख्ख्या मांडवाला विचारतात, "कोण जळता?" आणि लोक खरंच हात वर करतात. पाहुणे हसतात. हसू देत. हे कसं सुरू झालं ते ऐका.

फार पूर्वी इथे अनशी नावाची पोर होती. तिच्या हातची अभ्रकाची पूड म्हणे सायीसारखी मऊ. काम मोठं किचकट. अभ्रक कुटायचा, न सडलेल्या, सालीसकटच्या भातात मिसळायचा, कांबळ्याच्या पिशवीत बांधून भिजवायचा आणि मग ती पिशवी पाण्यात मळत बसायची, खांदे भरून येईपर्यंत. मऊ तेवढा कांबळ्यातून झिरपून पाण्यात उतरतो, टोचरा आतच राहतो. तळाला बसलेली पूड वाळवून खोबरेलात कालवली की ती नवरीच्या गालाला. नवरी अशी उजळायची की सासूसुद्धा खोट काढायला विसरायची.

गावातल्या सगळ्या नवऱ्या अनशीने चमकवल्या. तिच्या गालाला मात्र कोणी बोट लावलं नव्हतं. पूड नवरीलाच लावायची अशी तेव्हाची रीत, आणि अनशीचं लग्न काही जमेना.

एकदा जमता जमता राहिलं. शिरंब्याचे पाहुणे तिला बघायला आले. घावणे खाल्ले, वर नारळाचा रस मागून घेतला, मुलगा लाजलाबिजला. जाताना तहान लागली म्हणून शेजारी शेवंतीच्या घरी पाणी प्यायले. झालं. निरोप आला तो शेवंतीसाठी.

शेवंती परकी असती तर अनशीने चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण ती पडली जिवाची मैत्रीण, लहानपणापासून कैऱ्या चोरून एकत्र मार खाल्लेली. ती येऊन अनशीच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली पूड तूच कर. अनशी हो म्हणाली. पोटात असं पेटलं की त्यावर भात शिजला असता.

पिशवी मळताना तिला सारखे ते घावणे आठवत होते. खाल्ले आमचे आणि नवरा तिचा. शेवटी तिने पाण्यातली मऊ पूड तशीच राहू दिली, पिशवी उलटी केली आणि आतला टोचरा माल घेऊन तेलात कालवला. दिसायला तोच, उलट जास्तच चमकणारा. चोळला की गाल सोलवटणार. शिरंब्याच्या लोकांपुढे लालभडक तोंडाची नवरी उभी राहणार. या विचाराने अनशीला म्हणे छान झोप लागली.

सकाळी मांडवात तिने त्या पुडीची करवंटी शेवंतीपुढे धरली. शेवंतीने बोटं बुडवली आणि थांबली.

"तुका आजपर्यंत कोणी लावलां नाय मा? मग पयली तू."

म्हाताऱ्या ओरडल्या, असं करत नाहीत म्हणून. शेवंतीने कधी कोणाचं ऐकलं होतं? तिने अनशीची हनुवटी धरली आणि चोळायला लागली, प्रेमाने, म्हणजे चांगलंच जोरात. अनशीचा गाल पेटला. ओरडावं तर चोरी उघडी पडणार, म्हणून तिने दात आवळले. शेवंती मागे सरून बघत राहिली.

"गो, काय सुंदर दिसतस तू."

हे वाक्य ऐकायला अनशी किती वर्षं थांबली होती, आणि ते बोलली तीही कोण, तर ही. तेवढ्यात शेवंतीने पुन्हा बोटं बुडवली आणि स्वतःच्या गालाकडे नेली. अनशीने तिचं मनगट धरलं.

"नको लावू. टोचरी आसा ती. माझ्या पोटात जळता, शेवंते. तुझ्यार जळतंय मी."

 आता कुठे शेवंतीला अनशीच्या गालावरचं रक्त दिसलं. आता अनशीच्या कानशिलात बसणार असं सगळ्यांना वाटलं. शेवंतीने करवंटी उचलली आणि अशी भिरकावली की ती टेंबावर जाऊन फुटली. टेंब तेव्हापासून चमकतो, असं सांगतात.

"मग तसां सांगाचां होतां," ती म्हणाली. "सोसलंस ना गप? शाणी. आता मऊ खंय आसा ती दाखव."

दोघी हात धरून अनशीच्या घरी पळाल्या, पाण्याच्या तळची पूड उपसायला. इकडे भटजी खोकून खोकून दमले आणि मुहूर्त गेला. शेवंती दुसऱ्या मुहूर्तावर उभी राहिली, गाल मात्र झळझळीत.

तिची ती चमक आठवडाभरात उतरली. अनशीचे ओरखडे भरले, पण कातड्याखाली अभ्रक तसाच राहिला, गोंदल्यासारखा. तेल नको, पूड नको, ऊन पडलं की गाल लखलख. शेवंती माहेरी आली की त्या गालाकडे बघत बसायची. पुढच्या लग्नाच्या मांडवात तीच उभी राहिली आणि म्हणाली, आधी जळणाऱ्यांना लावा, आणि पयली मी.

आजही तळकोंडीत नवरीआधी हात वर करणाऱ्यांचे गाल चमकवतात. करवल्या असतात, जावा असतात, मागे एकदा तर नवरीची आईच उठली होती. आणि एखाद्या लग्नात कोणीच हात वर केला नाही, तर पूड पुन्हा गाळून घेतात.