पालथी सहाण

तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही जी नुसती ऐकली, अशी ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पांगरीच्या त्र्यंबक वैद्याच्या हाताला गुण होता. तो सहाणेवर मुळी उगाळायला बसला की ताप अंगणातूनच मागे फिरायचा, असं म्हणतात.

त्याची आई गेली आणि म्हाताऱ्या वडिलांची, अण्णांची, झोप उडाली. तरण्या गड्याला द्यावेत तेवढेच झोपेच्या मुळीचे वेढे, म्हणजे सहाणेवरचे फेरे, त्र्यंबकाने उगाळले आणि त्यांना चाटवले. अण्णा झोपले. मात्रा लागू पडली म्हणून स्वारी खूश! पण दिवसा अण्णांचा तोल जायला लागला, म्हणून चक्कर थांबवायला दुसरी मुळी आली. तिने तोंडाला कोरड पडली, लघवी अडली, म्हणून तिसरी. मग अण्णा भिंतीशी बोलू लागले. गाव म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. त्र्यंबकाने त्यावरही उगाळलं. थकल्या शरीरातून औषध लवकर उतरत नाही, आतच साचत जातं, हे त्याने कधी थांबून पाहिलंच नाही.

एका सकाळी अण्णा शुद्धीवर आले. चाटण घेऊन आलेल्या मुलाचा हात त्यांनी धरला.

"त्र्यंबका, मला रोग नव्हता रे. तुझ्या आईची आठवण यायची, म्हणून जागा राहायचो."

दुपारी ते गेले. पहिलं दुखणं तेवढं अण्णांचं होतं, पुढची सगळी आपण उगाळून दिली, हे त्र्यंबकाला चितेपुढे उमगलं. त्याला रडताही आलं नाही.

तेव्हापासून म्हाताऱ्या माणसासाठी मुळी टेकवली की सहाणच सगळं पाणी पिऊन टाकायची, असं म्हणतात. मग त्र्यंबक ती पालथी घालायचा, जवळ बसायचा, आधीची औषधं कोणती ते विचारायचा, झोप न येता कोण आठवतं तेही विचारायचा. पुष्कळांची औषधं त्याने हळूहळू कमी केली. लागलंच तर अर्धा वेढा द्यायचा. कितीतरी अंथरुणाला खिळलेली माणसं उठून ओसरीवर बसली. त्याला स्वतःला मात्र पुन्हा झोप लागली नाही आणि त्याने औषधही घेतलं नाही.

पांगरीत आजही घरातल्या म्हाताऱ्याला नवी गोळी द्यायची तर आधी सहाण पालथी घालतात, जवळ बसून विचारतात, जुन्या गोळ्या डॉक्टरांपुढे मांडतात. त्या पालथ्या दगडाला कान लावला तर त्र्यंबकाचा आवाज येतो, असं म्हणतात. तो एकच विचारत असतो, "अण्णा, झोप का येत नाही तुम्हाला?"