साहेबांच्या संयमाबद्दल आभार

ऑनलाइन भांडी विकणाऱ्या कारखानीस साहेबांची नजर फार दूरची. त्यामुळे भिवंडीच्या गोदामात रखडलेल्या ऑर्डरींचा ढीग त्यांना छताला टेकल्यावरच दिसला. त्यांनी लगेच फर्मान काढलं, "आजच्या ऑर्डरी आधी पाठवा. नवं गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे. जुन्यांना थांबायची सवय झालेली असते."

"पण जुने रोज फोन करतात," गोदाम सांभाळणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या.

"मग मेसेज टाका. ऑर्डर लवकरच पोहोचेल, संयमाबद्दल कारखानीस साहेबांतर्फे आभार."

पुढच्याच आठवड्यात गोदामात सत्यनारायण झाला. पंगतीत पहिल्या पानावर साहेब सगळ्यांच्या आधी येऊन बसले. कुंदाताई वाढायला निघाल्या त्या थेट शेवटच्या पानाकडे. माणसं येत राहिली आणि ताई नव्याने आलेल्यालाच आधी वाढत राहिल्या. मसालेभात, जिलबी, सगळं साहेबांच्या नाकासमोरून गेलं. त्यांचं पान कोरडंच.

"अहो, सगळ्यांत आधी मी आलोय," साहेब कडाडले.

"म्हणूनच तर, साहेब. तुमची ऑर्डर जुनी," कुंदाताई नम्रपणे म्हणाल्या. "जेवण लवकरच पोहोचेल. संयमाबद्दल कारखानीस साहेबांतर्फे आभार."