ओहोळाच्या काठाशी थांबणारा बैल

पूर्वी कुरंगपूर नगरीत अरिंदम राजाची सत्ता होती. तेव्हा बोधिसत्त्वाने तिष्य नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलाचा जन्म घेतला. नगर वाढत होते आणि धान्य पुरत नव्हते. राजाने दवंडी पिटवली, की जो जेवढी जमीन नांगराखाली आणील तेवढी त्याची. लोकांनी टेकडीवरचे रान तोडून शेते पसरवली. त्या उतारावरून एक ओहोळ खाली जाई. वर्षातले बरेच महिने तो कोरडाच असे. मग काय, दोन्ही काठांचे शेतकरी दर वर्षी नांगराचे एकेक तास त्यात ढकलत गेले आणि मनातून खूश झाले.

हा बैल मात्र काठाशी आला की थांबे. चाबूक बसला तरी पाय पुढे टाकीत नसे. शेजारी तिष्याला चिडवीत, "तुझा बैल धनी आणि तू त्याचा गडी!"

एका वैशाखात तिष्याने त्याला फार मारले. तेव्हा बैल म्हणाला, "धनी, ही पाण्याची वाट आहे. रान होतं तोवर पाऊस जिरत जिरत खाली यायचा. आता उघड्या जमिनीवरून तो धावत येईल. वाट उरली नाही तर कुणाच्या तरी घरात शिरेल."

"वैशाखात तुला पाणी दिसतंय?" तिष्य म्हणाला. त्याने शेजाऱ्याचे बैल मागून आणले आणि ओहोळ बुजवून तिथे साळ पेरली. पीक मोठे झोकात आले.

श्रावणात झड लागली. टेकडीवरून लोंढा उतरला, बुजवलेल्या ओहोळाशी अडला आणि वळून कोष्ट्यांच्या वस्तीकडे निघाला. त्याच वस्तीत तिष्याची लेक उत्पला दिलेली होती. ती नुकतीच बाळंत झाली होती. तिष्य बांधावरून हाका मारू लागला, पण पावसात त्या कुठे पोचणार?

जोडीचा बैल बिथरून पळाला होता. बोधिसत्त्व आपण होऊन जुवाखाली येऊन उभा राहिला.

"धनी, नांगर धरा. जुन्या वाटेनं जाऊ."

"अरे, पण मधे सगळं पीक आहे!"

"आणि खाली उत्पला आहे."

तिष्याने डोळे पुसले आणि फाळ चिखलात रोवला. दोघांनी ओढायचा नांगर त्या एकट्याने भरल्या पिकातून ओढला. पाण्याला तास सापडले. ते रुंदावत गेले आणि लोंढा जुन्या ओहोळात पडला. वस्तीच्या उंबऱ्यांना लागलेले पाणी ओसरले. तिष्याचे पीक वाहून गेले. बैलाचा खांदा निखळला तो कायमचा. अशा जनावरापुढे हात आपोआप जोडले जातात.

राजा स्वतः गोठ्यात आला आणि म्हणाला, "माग, काय हवं ते."

"महाराज, प्रत्येक ओहोळाच्या दोन्ही काठांना गवताचा पट्टा राहू द्या. तिथे नांगर नको, घर नको."

"आणि तुझ्यासाठी?"

"त्या पट्ट्यात चरायला मिळालं तर बरं होईल."

राजाने त्याच दिवशी तशी दवंडी पिटवली.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "त्या वेळचा तिष्य म्हणजे इथे बसलेला सोमदत्त. अरिंदम राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा श्रेष्ठी वज्रगुप्त. तो बैल मीच होतो." ज्याच्या हातचा मार खाल्ला, त्याच्याच लेकीसाठी आपला खांदा मोडून घेणे, यालाच करुणा म्हणतात.