कुलूपबंद कोठाराचा दाखला

येसूला वाटलं होतं, शेंदूरगडच्या राजाने आपल्याला तपासनीस नेमलं म्हणजे कोठारांची दारं धडाधड उघडतील, कणग्यांत हात घालून धान्य पाहता येईल, खऱ्याखोट्याचा निकाल लागेल! कोष्ट्याची ही लेक त्यासाठीच काशीला राहून शिकून आली होती. प्रत्यक्षात तिच्या हाती पडला एक करार.

"तपासनिसाने कोठारं भरलेली असल्याचा दाखला द्यावा," उदाजीराजे स्वतः वाचून दाखवत होते. "कुलूप उघडू नये. कोणाला काही विचारू नये. पुढे धान्य कमी निघालं, तर दोष तपासनिसाचा!"

"महाराज, कुलूप का नाही उघडायचं?"

"कोठारावर आमचे मेहुणे आहेत. त्यांना वाईट वाटेल."

"मग आतलं मला दिसणार कसं?"

"काशीला जाऊन एवढंही शिकली नाहीस? उद्या आम्ही जेवायला बसेपर्यंत सही कर, नाहीतर राज्य सोड!"

यंदा पावसाने दडी मारली होती. सारी रयत त्या कोठारांच्या भरवशावर होती. आत धान्य नसलंच, तर येसूच्या सहीने लोक उपाशी मरणार होते.

सकाळी उठताच तिने ठरवलं, इतका सोयीचा करार एकटीने वापरायचा नाही! 'कोठार'च्या जागी 'ताट' लिहून तिने त्याची एक नक्कल केली आणि राजाचं अन्न आधी चाखणाऱ्या रखमाजीला गाठलं.

"काका, झाकण न उचलता अन्न निर्धोक आहे म्हणायचं. जमेल?"

"न चाखता पगार? पोरी, आधी कुठं होतीस? दाखव, सही कुठं करू!"

दुपारी राजे मेहुण्यांसह पाटावर बसले. येसूही सहीसाठी हजर झाली. रखमाजीने झाकलेल्या ताटाकडे लांबूनच पाहिलं.

"निर्धोक आहे, महाराज! खुशाल जेवा!"

"अरे, झाकण तरी उचललंस का?"

"छे! आचाऱ्याला वाईट वाटेल."

राजांचा हात जागीच थांबला. "गाढवा! हे कोणी शिकवलं तुला?"

"आपणच!" येसूने आपला कोरा करार पुढे धरला. "हा आपल्या ताटाचा तपासनीस, मी रयतेच्या. आपण पहिला घास घ्या, महाराज, की मी सही करते!"

राजांनी ताटाकडे पाहिलं. मग मेहुण्यांकडे. मेहुणे छताची नक्षी न्याहाळत होते! राजे असे हसले, असे हसले, की पाट सरकला.

"मेहुणे, किल्ल्या काढा!" त्यांनी जुडगा येसूच्या ओंजळीत टाकला, वर खांद्यावरचा शेला दिला. "आता एकही दार सोडू नकोस. आणि रखमाजी, उचल ते झाकण! भूक लागलीय!"