अंग चोरून बसणारी राजकन्या

एका राज्यात राजा विक्रांतसेन पायांपासून दगड होत चालला होता. मांत्रिकाचा शापच तसा. उतारा एकच, डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी. आणि तेही दर पुनवेला ओंजळभरच साठायचं. ते आणायला त्याची लेक शशिलेखा निघाली.

त्या राज्याची रीत अशी की, प्रवासाचा सोबती वेशीवरच्या तराजूत तोलून घ्यायचा. पारडी समतोल झाली, तरच वेस उघडे. तराजू मंतरलेला होता. तो हाडामांसाचं वजन करत नसे. माणूस स्वतःला जेवढं मानी, तेवढंच भरे. हे गुपित राजकन्येला ठाऊक नव्हतं.

आधी समोर बसली घोडी वश करणारी भानुमती. तिचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं, राजकन्या वर लोंबकळली. ओशाळून तिने भानुमतीला परत पाठवलं.

मग आला भुजंगनाथ. तोंडाने गुरगुरणारा, आतून पोकळ. म्हणाला, "तुझ्याबरोबर येणार कोण? मी येतो, उपकार समज." पारडी समतोल. अर्ध्या रानात तो तिचा घोडा घेऊन पसार झाला. ती परतली, तेव्हा राजा कमरेपर्यंत दगड.

दुसऱ्या खेपेला रडवा मंदार. तोही बरोबर तोलला. "मला पाठीवर घे, नाहीतर इथेच मरेन." तिने वाहून नेला, झऱ्यावर त्यानेच पाणी पिऊन टाकलं. राजा गळ्यापर्यंत दगड.

राजकन्येला काही उमजेना. "तराजू खरा, मग सोबती खोटे कसे?"

तराजूच्या दांडीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तू बसतेस कशी ते बघ. कडेला, अंग चोरून. जणू दुसऱ्याची जागा खातेस."

"मग कशी बसू?"

"पंगतीत बसतेस तशी, ऐसपैस. की तिथूनही उपाशी उठतेस?"

राजकन्येने भानुमतीला बोलावलं. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटेल."

"मला विचारलं होतंस?"

शशिलेखा पारड्यात मधोमध मांडी घालून बसली. पारडं कुरकुरलं, खाली आलं, भानुमतीच्या बरोबरीला थांबलं.

"आज मी जड कशी झाले?"

"ते वाटेत विचार. घोडी खोळंबलीत."

पुनवेला पाणी आलं. दगड विरघळला, राजाने मोकळा श्वास घेतला आणि लेकीला सिंहासनावर शेजारी बसवलं. ती बसली, सगळी जागा व्यापून.

पुढच्या प्रवासाला भुजंगनाथ पुन्हा तराजूत चढला. त्याचं पारडं जे वर उडालं, ते वेशीच्या कमानीला टेकलं. तो ओरडत राहिला. राजकन्या समोर निवांत पेरू खात होती.