न मिटलेला चाकू

आमच्या हिंगणदऱ्यात पहिली मोटार आली आणि चिखलात रुतली, त्याच्याही कैक वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात दस्तगीर शिकलगार राहायचा. विळे, सुऱ्या, अडकित्ते यांना धार लावणं हा त्याचा धंदा, आणि जुने घडीचे चाकू जमवणं हे त्याचं वेड. घडीचे म्हणजे खिशात मावणारे, मिटले की पातं मुठीत लपणारे. कुणाचा चाकू मोडला की दस्तगीर तो मागून घ्यायचा आणि त्याच्या घरचे विळे वर्षभर फुकट पाजळून द्यायचा. सांबरशिंगाच्या मुठीचे, शिसवी मुठीचे, पितळी खिळ्यांचे असे एकशे सात चाकू त्याच्या सागवानी पेटीत होते, असं म्हणतात.

गावातली मोठी माणसं त्याला हसायची. ज्याचं मोल कळत नाही त्याला हसायचं, ही त्यांची खोड आजची नाही.

"दस्तू, ते भंगार चिंचेनं घासून तरी ठेव की," ती म्हणायची.

"तुमच्या आज्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या घासल्या होत्या का कधी?" दस्तगीर विचारायचा.

जुन्या पात्यावरचा काळा रंग तो कधी काढायचा नाही. सुपारी, कैरीचा चीक, तंबाखू, ज्यानं जे कापलं ते पात्यावर राहतं, आणि तोच त्या माणसाचा कागद, असं त्याचं म्हणणं. डोळे मिटून तो चाकू उघडायचा, मुठीतल्या कमानीचा 'टक्' आवाज ऐकायचा आणि चाकू कुणाचा ते सांगायचा. असं म्हणतात.

एकदा गावविहिरीवर मोट चालू असताना नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, तुटला. मोट तळाला गेली, बैल धावेवर, विहिरीच्या उतारावर, तोंडघशी पडले. नाडा वळला होता सिदूनं. सिदू गावाचे दोर वळायचा आणि त्याचा ओढ्याकाठी काळ्या मातीचा एक तुकडा होता. त्या तुकड्याला लागून खंडोजी पाटलाचं रान.

पंच पारावर बसले, पाटील मधोमध. सगळे पिकल्या मिशांचे, आणि सगळे पाटलाच्या मुठीतले. पाटील म्हणाला, "कुजका नाडा दिलास. आज दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं. तुकडा गावाकडं राहील."

"म्या वळलेल्या दोराला हत्ती लोंबू द्या, पाटील," सिदू म्हणाला. त्याची बायको तानी तुटका नाडा घेऊन आली होती. पंचांपैकी एकानंही तो हातात धरला नाही. दस्तगीरनं धरला.

"निम्मा नाडा कापलाय. उरलेला ओढीनं तुटलाय," तो म्हणाला. "आणि कापताना दर फेरीला काथ्याचा एक धागा अडकून उपसलाय. पात्याला खाच असलेला चाकू आहे."

"खोटा पडलास तर तुझी पेटी विहिरीत," पाटील म्हणाला.

दस्तगीर घरी गेला, पेटी घेऊन आला आणि पारावर ठेवली. एकशे सात चाकू, उभ्या जन्माची जमा. मग म्हणाला, "पंचांनी आपापले चाकू मांडावेत."

आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. म्हणून सगळ्यांनी पारावरच्या दगडावर ठेवले. सगळे काळेमिचकूट. एकच चांदीसारखा लखलखत होता. पाटलाचा.

दस्तगीर त्याच्यापुढं बसला. "पाटील, हा चाकू मी तुमच्याकडं दोनदा मागितला होता. तुम्ही दिला नाहीत. म्हणालात, वडलांचा आहे. पात्याला तिळाएवढी खाच होती. धार लावताना मला बजावलंत, खाच काढू नको, वडलांनी पाडलेली आहे."

दस्तगीरनं लखलखत्या पात्यावरून बोट फिरवलं.

"तुमच्या वडलांची खाच कुठं गेली?"

पाटलानं झडप घालून चाकू उचलला आणि मिटायला गेला. मिटेना. जोर लावला, मिटेना. दगडावर आपटला, मिटेना. आणि असं म्हणतात की सगळ्यांच्या देखत पात्याची चकाकी विझत गेली, पातं काळं झालं आणि तिळाएवढी खाच पुन्हा उमटली. तेव्हा पेटीतले एकशे सात चाकू आपोआप उघडले आणि मिटले. टक्, टक्, टक्. जणू सगळे वाडवडील चुकचुकत होते.

"म्याच कापला," पाटील खाली बघत म्हणाला.

सिदू गावातच राहिला. तो तुकडा त्याची नातवंडं अजून कसतात, हिरवागार आहे, जाऊन बघा. दस्तगीरनं पाटलाचा चाकू पेटीत ठेवला, एकशे आठवा. तो अजून उघडाच आहे, म्हणून पेटीचं झाकण पुरतं लागत नाही. शहरातले शौकीन येतात, भाव विचारतात. आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

आणि आजही हिंगणदऱ्यात कुणाचा न्याय करायचा असेल, तर आधी प्रत्येक पंचानं त्याच पारावर, चाकू मांडले होते त्या दगडासमोर, आपला चाकू उघडून मिटून दाखवायचा. न घासलेला, घरातला जुना. ज्याचा मिटला नाही त्यानं उठून घरी जायचं. गेल्या साली एका आजोबांचा अडकला. "गंज लागलाय रं," ते म्हणाले. गंज असेलही. पण ते उठले, आणि पायताण शोधत घरी गेले.