पिवळी नळी

"...आणि ही पिवळी कोणाची?"

"पावण्याची," केतकी म्हणाली.

"मगे ती बांधून कित्याक ठेवलंस?"

केतकीच्या कपाळावर आठी आली. होडी नुकतीच किल्ल्यामागच्या खडकाजवळ नांगरली होती. पाण्यात पाय टाकण्याआधीच तिला पाण्याखालचं काम शिकवणाऱ्या इनास मास्तरांनी खोट काढली होती, आणि तीसुद्धा नेमकी तिने रात्रंदिवस डोकं लावून बसवलेल्या कामात.

पाणबुड्याच्या सिलिंडरच्या मानेतून नळ्या निघतात. एक तोंडात जाते, एक जॅकेटात हवा भरते, एक हवेचा काटा दाखवते. उरलेली एक, पिवळी, दुसऱ्याची असते. पाण्याखाली पाहुण्याची, म्हणजे सोबत उतरलेल्या पर्यटकाची, हवा संपली तर ती त्याला द्यायची. केतकीने सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून ही पिवळी नळी बरगडीशी घट्ट बांधली होती. कुठे काही लोंबत नव्हतं. पाहणाऱ्याने पाहत राहावं अशी बांधणी होती आणि तिला तिचा अभिमान होता.

"तुमीच सांगलास," ती म्हणाली. "लोंबता ता अडकता."

"सांगलंय."

"मगे?"

"मगे... काय नाय. चल."

उद्या हंगामातले पहिले पाहुणे येणार होते. मास्तर हो म्हणाले तर केतकी पाहुण्याला घेऊन स्वतः खाली जाणार होती. नाही म्हणाले तर पुन्हा एक हंगाम कॉम्प्रेसरपाशी दुसऱ्यांचे सिलिंडर भरत काढायचा. बाईमाणसाच्या हातात जीव कोण देणार, असं जेटीवर दात काढत बोलणाऱ्यांची तोंडं तिला बंद करायची होती. आता एका नळीवरून माघार घेईल ती केतकी खवणेकर कसली!

दोघं खाली उतरली. पाणी स्वच्छ होतं. खडकापाशी मास्तरांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला.

माझी हवा संपली.

केतकी तयारच होती. तिचा हात बरगडीशी गेला. पहिली चकती सुटली. दुसरी ओल्या रबराला चिकटून बसली होती. तिने ओढली, पुन्हा ओढली...

मास्तर थांबले नाहीत. त्यांनी शांतपणे हात पुढे केला आणि तिच्या तोंडातली नळी काढून घेतली.

तिने नुकताच श्वास सोडला होता. छाती रिकामी होती. समोर मास्तर तिच्याच हवेवर निवांत बुडबुडे सोडत होते आणि ती स्वतःच्याच गाठीशी झटापट करत होती. चकती सुटेना. कानात ढोल वाजू लागले. शेवटी नळी हिसडली, तोंडात घातली, खारं पाणी गिळलं, आणि हवा आली.

मास्तरांनी अंगठा वर केला. चला वर.

होडीला हात लागायच्या आत ती कडाडली.

"तोंडातली घेतलास तुमी! पावणो असो करीत नाय!"

"पावण्याक तसा सांगून ठेवलंस?"

होडी सांभाळणारा गुणाजी फिस्सकन हसला. केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ऐका मास्तर. माझ्या तोंडातली मी कोणाक देवचंय नाय. मी मेलंय तर त्याका वर कोण आणतलो?"

मास्तरांनी मुखवटा काढून पाण्यात विसळला. होडी डुलत होती...

"खरा आसा," ते म्हणाले.

ते भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिचं म्हणणं खरं, आणि तरीही ते उद्याचं हो म्हणत नव्हते, म्हणजे पुन्हा कॉम्प्रेसर! हा कुठला न्याय? तिने मास्तरांच्या छातीकडे पाहिलं. त्यांची बांधणी सगळ्यांहून वेगळी. लांबलचक नळी छातीवरून तिरकी, मानेमागून एक वळसा घेऊन तोंडात, आणि एक आखूड नळी हनुवटीखाली लवचिक दोरीत अडकवलेली. जेटीवरची पोरं त्यांना नागोबा म्हणत. आजवर तीही हसली होती.

"मगे तुमचा बघूया," ती म्हणाली. "चला परत खाली."

"चल."

या वेळी तिने खूण केलीच नाही. मास्तर खडकाच्या फटीत डोकावून काहीतरी बघत होते. ती बाजूने आली आणि त्यांच्या तोंडातली नळी सगळा जोर लावून ओढली. म्हातारा झगडणार, धरून ठेवणार, मग कळेल त्याला, अशा हिशोबाने ओढली.

कोणी धरूनच ठेवलं नव्हतं.

मास्तरांनी मान किंचित वाकवली. वळसा डोक्यावरून निघाला आणि अख्खी लांब नळी तिच्या हातात आली. स्वतःच्याच जोराने ती मागे कोलमडली. सावरून पाहते तो मास्तरांच्या तोंडात हनुवटीखालची आखूड नळी होती. ती कधी गेली ते तिला दिसलंसुद्धा नाही. बुडबुडे मघाच्याच लयीत वर जात होते.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बोटाने तिला फट दाखवली.

आत एक सापासारखी लांब वाम तोंड उघडून बसली होती.

हातात मास्तरांची नळी धरून केतकी त्या वामीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही. मुखवट्याच्या आत दोन्हींची पंचाईत झाली.

वर आल्यावर ती थेट आपल्या सिलिंडरपाशी बसली. सिलिंडरची हवा बंद केली, चाकू काढला, ट्यूबच्या सगळ्या चकत्या कापून टाकल्या. मग पाना घेऊन नळ्या सोडवल्या. पाहुण्याची लांब पिवळी आपल्या तोंडाला, स्वतःची आखूड मास्तरांसारखी गळ्यात बांधलेल्या दोरीत. आधी आखूड गळ्यात घातली, मग लांब नळी तिच्यावरून फिरवली, म्हणजे निघताना कुठे अडकायला नको. स्वतःच ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. गुणाजी काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने विडी पेटवली.

"तुमी सांगलास म्हणान नाय करीत," ती मान वर न करता म्हणाली. "माका पटला म्हणान करतंय."

"मी खंय काय सांगलंय?"

 खरंच, त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी बुटातलं पाणी ओतलं आणि गुणाजीकडे वळले.

"उद्याचो पयलो पावणो हिच्या वांगडा खाली जातलो."

गुणाजीने नांगर ओढला. इंजिन सुरू झालं. केतकीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण एक गोष्ट बोलून टाकल्याशिवाय तिला जेटीवर उतरवणार नव्हतं.

"मास्तर... मी तुमका न सांगता ओढली. तुमच्या तोंडातली. तुमका राग नाय इलो?"

मास्तर टॉवेलने डोकं पुसत होते.

"कसलो राग?" ते म्हणाले. "माझी खंय होती ती?"